विमलाबाईंनी सगळं बी भिजवलं

मी कृषी सहायक आहे. हे सांगितलं की डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमधले लोक हसतात. "इथे कसली शेती, मॅडम?" हसा लेको. दिवा स्टेशनच्या पलीकडे खाडीकाठी विमलाबाईंची दीड एकर खारजमीन आहे आणि तिथे परवापरवापर्यंत लाल भात पिकत होता. खारं पाणी सोसून उभा राहणारा भात. त्याचं बी कुठल्याच दुकानात मिळत नाही. बाईंना ते सासूकडून आलेलं, दरवर्षी पिकवून राखलेलं.

बाई अडाणी नव्हत्या, हट्टी होत्या. भरती वर चढायला लागली तसा त्यांनी बांध दोन हात उंच केला. पावसाचे मेसेज नातीकडून वाचून घ्यायच्या आणि अंदाज चुकला की मला फोन, "रचना, तुजा पाऊस कुठं गेला गं?" जणू मी तो पर्समध्ये घेऊन फिरते.

गेल्या वर्षी कापणीला आलेला भात ऑक्टोबरच्या पावसात आडवा होऊन कुजला. हाती लागलं ते फक्त बियाण्यापुरतं. घरात खायला रेशनचा तांदूळ. म्हणून यंदा जूनमध्ये मी मुद्दाम जाऊन सांगितलं, "बाई, निम्मंच पेरा. हल्ली पावसाचा नेम नाही."

या भाताची लावणी नसते. बी भिजवून, पेंढ्यात दाबून मोड आणायचे आणि पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं की चिखलात फेकायचं. त्यांच्या घरची रीत अशी, की भिजवायचं ते सगळं. मागे राखलं म्हणजे शेतावर भरवसा नाही.

"घरात बी लपवून शेतात जायचं? सासू काय बोलंल?"

सासूला जाऊन बावीस वर्षं झाली होती. मी चिडले, पण वाद घातला नाही. घालायला हवा होता, हे मी रोज स्वतःला सुनावते.

चार दिवस पावसाने झोडपलं. पाचव्या दिवशी बाईंनी मोड आलेलं बी फेकलं आणि पाऊस गेला तो गेलाच. सतरा दिवस टिपूस नाही. मीठ वर आलं. मोठं रोप मीठ सोसतं, कोवळा कोंब नाही सोसत. सगळं शेत जळालं.

"रंभाकडं असंल," बाई म्हणाल्या. रंभाताई त्यांची नणंद, खाडीच्या वरच्या गावात दिलेली. तिच्याकडेही हेच माहेरचं बी. मी बाईंना स्कूटीवर बसवून घेऊन गेले. "दोन पायल्या दिल्या तरी पुरं. फिरून वाढवीन," असं त्या माझ्या पाठीमागून सारखं बोलत होत्या.

रंभाताईंनी ओटीवर बसवलं, पाणी दिलं. बाईंनी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "बरं झालं वहिनी आलीस. मीच येनार होते उद्या. आमचं सगलं त्या चार दिसांच्या पावसात कुजलं बघ. थोडं बी दे मला. आता काय ते तुजेकडंच उरलंय."

म्हणजे आता हे बी कुठेच उरलं नव्हतं. रडवेली मीच झाले होते. बाईंनी तांब्या खाली ठेवला, पदर सारखा केला.

"यंदाला नाय जमायचं," त्या म्हणाल्या. "फुडल्या सालाला देते."