झुंबरबाईचा चिमटा

सोनाळ्यात हनुमान जयंतीला मारोतीसमोर रोडग्यांचा भंडारा असतो. गव्हाच्या जाड पिठाचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या इस्तवात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीसोबत पंगतीतून उठता येणार नाही इतके खायचे. यात धर्म किती आणि पोट किती हे आमच्या गावात कोणी विचारत नाही. विचारणारा उपाशी राहतो.

अलीकडे मात्र आजूबाजूच्या खेड्यांतून लोक रोडग्यांपेक्षा झुंबरबाईला बघायला येऊ लागले होते. ही बाई लालभडक इस्तवात नुसता हात घालून रोडगे उलटायची, बाहेर काढायची आणि हे करताना शेजारणीशी मेथीच्या भावाबद्दल बोलत असायची. चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही. "मारोतीनं हात देला," असं भंडाऱ्याचे प्रमुख अर्जुनराव म्हणाले आणि गावाने मान डोलावली. लोक तिच्या तळव्याला कुंकू लावू लागले. उरलेलं वर्षभर त्याच तळव्यांनी ती वांगी तोडायची.

झुंबरबाई म्हणजे आमच्या देवानंदची बायको. पंचेचाळिशीची, ठेंगणी, आणि गावात सर्वांत मोठ्याने हसणारी. देवानंद जगात कोणालाही नाही म्हणू शकत नसे, म्हणून नाही म्हणायचं सगळं काम तिच्याकडे होतं. तिच्या हसण्याची एक तऱ्हा होती. हसू आलं की ती उजवा हात मानेमागे दाबून धरायची. ती लकब समजून गावातल्या पोरीही तसंच हसू लागल्या. खरी गोष्ट अशी की हसलं, शिंकलं, खोकलं की तिच्या डोक्यात मागून घण बसायचा. सासू अन्नपूर्णाबाईंचं निदान तयारच होतं: "बाईच्या जातीनं इतकं हासलं तं डोस्कं दुखनारच."

त्या वर्षी होळीच्या आसपास तिच्या हातातून भरली टोपली सुटली. मग चहाची कपबशी सुटली. मग एकदा भाकर करता करता कसला तरी जळका वास आला. तिला वाटलं भाकर करपली. तव्यावर तिचीच करंगळी होती.

त्याच आठवड्यात ती देवानंदला घेऊन अकोल्याला गेली. मोठ्या मशिनीत झोपवून डोक्याचे आणि मानेचे फोटो काढले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगणाऱ्या होत्या. डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला लहान मेंदू असतो. तो बसतो तो कवटीचा खळगा झुंबरबाईचा जन्मापासूनच लहान. मेंदूचं टोक मावलं नाही, ते खालच्या भोकातून मानेत उतरलं. मेंदूभोवतीचं पाणी वरखाली खेळायला हवं, ते तिथे अडतं. म्हणून हसलं की दुखतं. आणि अडलेल्या पाण्यापायी पाठीच्या मज्जारज्जूत पोकळी झाली. हाताचं गरम-थंड, दुखणं-खुपणं मेंदूला कळवणारे धागे त्या पोकळीने मारले. या रोगाला कियारी म्हणतात.

"मंग मारोतीनं देलेला हात?" देवानंदने विचारलं.

"हाताला चटका लागतो, फक्त त्यांना कळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागचं थोडं हाड काढून वाट मोकळी करायला हवी. नाहीतर हातांतला जोरही जाईल. गेलेली जाणीव परत येईलच असं मी सांगत नाही. पुढचं नुकसान थांबवायचं आहे."

ऑपरेशनची तारीख हनुमान जयंतीनंतर लगेचची मिळाली.

घरी आल्यावर झुंबरबाईने ओट्यावर जमलेल्या बायांना अख्खा रोग एका दमात समजावला. "खोली लहान बांधली अन् पलंग मोठा घेतला. पलंगाचे पाय दाराच्या भायेर. आता ना दार लागते ना मोरीचं पानी जाते. भिंत पाडा लागते, बस."

अन्नपूर्णाबाईंना भिंतीपेक्षा दुसरीच गोष्ट लागली होती. "जन्मापासून हाये म्हनते डॉक्टरीण. मंग आमी पाहाले आलो तवा तुह्या बापानं काऊन नाई सांगतलं?"

"आत्याबाई, तुमी मले चालाले लावलं, सुईत दोरा ओवाले लावला. डोस्कं उघडून दाखव म्हनलं असतं तं तेही दाखवलं असतं."

ओटा हसला. झुंबरबाईही हसली, मानेमागे हात दाबून. डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचं की दुखण्याचं, हे पहिल्यांदाच बायांना पडताळून बघावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव आले. त्यांच्या मिशा आधी आत आल्या, मग ते. "सूनबाई, ऑपरेशनात हाताचा गुन गेला तं? अख्ख्या पंचक्रोशीत तुह्या हाताचं नाव हाये. गावाचं काय होईल?"

"गावाले दोन दोन हात हायेत, मामंजी."

"ह्या साली इस्तवात हात घाल. ऑपरेशन पुढं पाहू. काय बे देवानंद?"

देवानंदने मान डोलावली. झुंबरबाईने नवऱ्याकडे असं पाहिलं की एखादा माणूस जागीच भाजला असता. ऑपरेशनच्या कागदावर सही त्याची लागणार होती आणि तो तर मान डोलावून मोकळा झाला होता. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. देवानंद तेवढ्यावरही मान डोलवायचा.

हनुमान जयंती आली. गोवऱ्या पेटून खाली बसल्या, रोडगे आत गेले, माणसं कडं करून उभी राहिली. अर्जुनरावांनी नारळ फोडला. झुंबरबाई पुढे आली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"घाल हात," अर्जुनराव म्हणाले.

"नाई घालत."

"मारोतीसमोर नाई म्हनते?"

"मारोतीले माहीत हाये. तुमाले दाखवतो." तिने दोन्ही तळवे उघडून त्यांच्या मिशांपाशी धरले. काळे डाग, पांढरे वण, करंगळीवर ताजी साल. "हे कुंकवाखाली होतं. तुमी लावत गेले, मी जळत गेली. जळाल्याचं मले वासावरून समजते. असा हात कोन्या देवानं देला नाई. पानी अडलं म्हनून झाला. हे पानी मी मोकळं करनार हाये. ज्याले चमत्कार पाह्याचा, त्यानं आपला हात घालावा."

सगळ्यांनी अर्जुनरावांकडे पाहिलं. माणूस अभिमानी. त्यांनी बाही सारली, हात घातला, रोडगा पकडला, आणि तो रोडगा थेट सरपंचांच्या टोपीपर्यंत उडाला. अर्जुनराव पाण्याच्या टाकीकडे गेले. धावत नाही गेले, पण चाललेही नाहीत.

तेवढ्यात गर्दीतून देवानंद आला. हातात हातभर लांब दांड्याचा नवाकोरा चिमटा. लोहाराकडे बसून त्याने स्वतः घडवून घेतला होता. "अर्जुनकाका," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याने बराच वेळ शोधले, "सही मी करून आलो."

झुंबरबाईने चिमटा घेतला आणि रोडगे काढले. चव तीच होती. कोणी कमी खाल्ले नाहीत.

पुढच्या वर्षी भंडारा झाला तेव्हा तिच्या मानेमागे उभा व्रण होता. हातांना गरम-थंड अजूनही कळत नाही. सवय म्हणून ती चूल पेटवण्याआधी चिमटा शोधते. हातांतला जोर मात्र होता तेवढा टिकला. त्या दिवशी ती इस्तवाजवळ गेली तर चिमटा दिसेना. शोधता शोधता ती मारोतीच्या पायाशी पोचली. चिमट्याला हळद, कुंकू, वर रुईच्या पानांची माळ. समोर अर्जुनराव हात जोडून बसलेले.

"सूनबाई, याच्यात गुन हाये," ते गंभीरपणे म्हणाले. "हा आल्यापासून गावात कोनालेच चटका लागला नाई."

झुंबरबाई हसली. इतकी हसली की पंगतीत वाढपी थांबले, अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाशी धरला. तिचे दोन्ही हात चिमट्यावर होते. मानेमागे एकही गेला नाही.