मीठ ओवाळ

अंबरनाथच्या पद्मजाचं एक होतं: कुणाचं चांगलं झालं की हिच्या पोटात दुखायचं. चुलतबहिणीचं बदलापूरला जमलं, तेव्हाही दुखलं. आणि ते स्थळ आधी हिनंच नाकारलेलं, बरं का! तोंडानं मात्र "अय्या, किती छान!"

एक्क्याण्णव साली स्टेशनजवळ कॉम्प्युटर क्लास निघाला, त्यात ती पहिल्या दिवसापासून होती. शशिकांत सरांना हाताखाली शिकवायला एकच बाई ठेवायची होती. ती आपणच, असं पद्मजानं घरीदारी सांगूनसुद्धा टाकलं होतं. तेवढ्यात उल्हासनगरहून उमा आली. अखंड बडबड, आणि मेलीनं आल्या आल्या चक्क एक खेळ लिहिला! चित्र नाही की आवाज नाही, पडद्यावर नुसती वाक्यं. आपण काय करायचं ते इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं, की पुढचं वाक्य हजर. खेळात तुम्ही आई. बाळ रडतंय, फडताळात मीठ आहे, बाळाला गप्प करा.

सगळा क्लास त्या मशीनला चिकटला. पद्मजानंही तलवारीचा, गुहेचा खेळ लिहिला होता, पण तिकडे कुत्रं फिरकेना. तिचा जळफळाट झाला. सरांच्या कानाशी लागून म्हणाली, "सर, उमाचा खेळ चुकलाय. संपतच नाही."

"मग सगळ्यांसमोर खेळून दाखव," सर म्हणाले. "अडकला तर जागा तुझी. संपला तर उमाची."

पद्मजा ऐटीत बसली. "मीठ दे" टाइप केलं. बाळानं थू थू केलं. "मीठ टाक." मीठ सांडलं, नवं आणावं लागलं. मागे खसखस पिकली, हिचे कान तापले. मग डोक्यात आलं, अगं बाई, दृष्ट काढायची! "मीठ ओवाळ." पडद्यावर प्रश्न आला: कुणाची दृष्ट लागली?

"शेजारणीची." बाळ रडतंच. "आल्यागेल्याची." रडतंच. "भुताखेताची." तरी रडतंच.

आणि तिला उत्तर सुचलं. पहिली दृष्ट आईचीच लागते, हे कुणाच्या घरी ऐकलेलं नसतं? पण गप्प राहिलं की जागा आपली! तिनं हात मागे घेतला. "अडकला, सर," एवढंच म्हणायचं होतं.

तोच उमा खांद्यावरून वाकली. "राहू दे गं, नाही येत तर. मी सांगते."

नाही येत? आणि हिनं सांगायचं? या टवळीनं? पद्मजाच्या अंगाची लाही लाही झाली. जागा गेली खड्ड्यात! तिनं ताडताड चार अक्षरं बडवली. बाळ खुदकन हसलं, खेळ संपला.

"शाब्बास!" सर मागच्या बाकावरून ओरडले. "मला दिसलं नाही, मोठ्यानं सांग. कुणाची होती दृष्ट?"

सगळा क्लास तिच्याकडे बघत होता. उमासुद्धा.

"माझी," पद्मजा म्हणाली.