गणपतीच्या पोटामागची सूचना

आयुष्यात मला एकदाच कोणाला तरी घरी बसवण्याचा अधिकार मिळाला, आणि तो मी एका शब्दावर वापरला.

एका संगणकाच्या पोटात दुसरा, लटका संगणक चालवणारं एक सॉफ्टवेअर आहे. जगभरातली काही मंडळी ते हौसेने सांभाळतात. त्यांत बुऱ्हाणपुरात घरी बसून काम करणारा मीही एक. पोटातला संगणक सुरू करायला एक हुकूम टाइप करावा लागतो, आणि त्या हुकुमाच्या शेपटीला बारीकसारीक ऑप्शन जोडता येतात. त्यातला एक फार जुना होता. तो जोडला की आतलं घड्याळ आपल्या गावच्या वेळेवर चालायचं. नाही जोडला, तर ते विलायती वेळ धरायचं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. हेच काम करणारा नवा, लांबलचक ऑप्शन केव्हाच आला होता. जुन्याला रजा द्यायचं ठरलं आणि ती कामगिरी माझ्याकडे आली.

आमच्यात कोणालाही एकदम हाकलत नाहीत. आधी ऑप्शन चालू ठेवायचा, पण तो वापरणाऱ्याला दर वेळी पडद्यावर सूचना द्यायची की बाबा, हा जाणार आहे, नव्याची सवय कर. एकदोन आवृत्त्या असंच चालू द्यायचं. कोणी ओरडलं नाही, तर मग काढायचा. सूचना मी लिहिली. एकच ओळ, पण अशी की जणू असीरगडाच्या बुरुजावरून दवंडी पिटतोय. बायकोला वाचून दाखवली.

"कोणाला दम देताय?" तिने विचारलं.

पुढे काढायची वेळ आली तेव्हा मी सगळ्या मंडळींना ठणकावून मेल लिहिली की हा ऑप्शन वापरणारा जीव आता पृथ्वीवर उरलेला नाही. कोणी हरकत घेतली नाही. मी ऑप्शन काढून टाकला आणि त्या संध्याकाळी घरी माव्याची जिलबी आणली.

जीव उरला होता. आमच्याच गावात, शनवारा पेठेत होता.

तिथे माझ्या शाळेतल्या मित्राची लग्नपत्रिका छापायची प्रेस आहे. मशीन तो चालवतो, मजकूर वहिनी जुळवतात. त्यांचा मजकूर जुळवायचा प्रोग्राम जुना, फॉन्ट त्याहून जुने. नव्या संगणकावर उघडलं की नवरीच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. म्हणून मीच मागे कधीतरी त्यांच्या नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक बसवून दिला होता. एका चित्रावर क्लिक केलं की काळी खिडकी उघडायची, हुकूम आपोआप चालायचा आणि जुनं जग हजर व्हायचं. त्या हुकुमाच्या शेपटीला मी कोणता ऑप्शन लावला होता, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

लग्नसराईत एका दुपारी मी प्रेसमध्ये गेलो. निमित्त नव्या आवृत्तीचं; मागचीही मीच दिवाळीत घालून दिली होती. मी स्वतः हात लावलेली आवृत्ती माझ्याच गावात चालावी, ही हौस.

"भाऊजी, आज नको," वहिनी म्हणाल्या. "डोईफोडियावाल्यांची पत्रिका अर्जंट आहे."

डोईफोडिया गावचे एक गृहस्थ, नवरीचे वडील, सकाळी प्रूफ बघून गेले होते. प्रूफमध्ये त्यांच्या थोरल्या भावाचं नाव राहिलं होतं. दोघा भावांचा जुना अबोला नुकताच मिटलेला. ते वहिनींना म्हणाले होते, "ताई, नाव नसलं तर दादा मांडवात पाय ठेवणार नाही. आणि पोरगी म्हणते, मोठे बाबा नसले तर मी बोहल्यावर चढणार नाही." कापडबाजार उरकून ते दुपारी येणार होते आणि पत्रिका घेऊन शेवटच्या बसने परतणार होते. दादांच्या घरी पहिली पत्रिका त्याच संध्याकाळी पोचायची होती.

"दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. हे वाक्य बोलल्यावर माझं कुठलंही काम दोन मिनिटांत झालेलं नाही, तरी ते बोलताना मला फार छान वाटतं.

नवी आवृत्ती घातली. वहिनींनी चित्रावर क्लिक केलं. काळी खिडकी उघडली, आणि पुढे काही नाही. जुनं जग काही उगवेना.

"काय म्हणतंय ते?" मी विचारलं.

"काही नाही म्हणत."

"काहीतरी म्हणत असेलच. कोपऱ्यात बघा."

"कोपऱ्यात गणपती आहे."

होताच. पत्रिकेची सुरुवात वरच्या बाजूला गणपतीने होते, म्हणून वहिनींनी दसऱ्याला संगणकाची पूजा करताना पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात गणपतीचं चांगलं ठसठशीत स्टिकर लावलं होतं. काळी खिडकी उघडायची ती नेमकी त्याच कोपऱ्यात. मी खिडकी ओढून खाली आणली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की असा ऑप्शन ओळखीचा नाही. म्हणजे माझी ती दवंडी या पडद्यावर रोज सकाळी वाजत होती, गणपतीच्या पोटामागे.

"वहिनी, इथे रोज एक सूचना येत होती, की हा ऑप्शन जाणार आहे."

"तिथे मी बघत नाही, हात जोडते," वहिनी म्हणाल्या. "काढला कोणी पण तो ऑप्शन?"

"आहेत काही लोक," मी म्हणालो.

खरं तर नवा ऑप्शन शोधून लिहायला हवा होता. पण मी जाणकार माणूस. जुना शब्द हुकुमातून सरळ खोडून टाकला. संगणक लगेच सुरू झाला. मी खुर्चीत मागे रेलून चहा मागवला. वहिनींनी दादांचं नाव घातलं आणि फाईल नव्या नावाने ठेवली. त्यांच्याकडे जुनी फाईल पुसत नाहीत, कारण गिऱ्हाईक फिरून पहिल्या मजकुरावर येतं. मित्राने आतल्या खोलीतून हाक मारली, "घेऊ का?" वहिनी म्हणाल्या, "घ्या." तो नेहमी यादीतली सगळ्यात वरची फाईल उचलतो. वरची ती ताजी, हा त्यांच्या संसाराचा नियम.

तेवढ्यात नवरीचे वडील आले, दोन्ही हातांत पिशव्या. या प्रेसची एक रीत आहे. पहिली पत्रिका निघाली की मशीन थांबवतात, गिऱ्हाईक ती उभ्याने मोठ्यांदा वाचतं, आणि मगच बाकीच्या निघतात. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, चष्मा लावला आणि वाचायला लागले. कुलदैवत झालं, नवरीचं नाव झालं, निमंत्रकांची नावं सुरू झाली. आवाज हळू होत गेला आणि थांबला.

"ताई," ते म्हणाले, "दादा कुठे गेले?"

वहिनींनी पत्रिका ओढून घेतली. मित्र आतून आला. "मी वरचीच घेतली," तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "मी आत्ता नाव घातलं, या भाऊजींच्या समोर." दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नवरीचे वडील कोणाकडेच बघत नव्हते. ते वहिनींच्या हातातल्या पत्रिकेकडे बघत होते, दादांचं नाव जिथे हवं होतं तिथे.

मी यादी उघडली. सकाळची साडेदहाची फाईल वर, आताची तिच्या खाली. आताच्या फाईलवर वेळ होती साडेनवाची, सकाळच्या साडेनवाची. बाहेर तीनचं ऊन होतं. मी ज्याला घरी बसवलं होतं, त्याने जाता जाता आतलं घड्याळ विलायतेला नेऊन ठेवलं होतं, आणि दादांचं नाव त्याच्याबरोबर मागे गेलं होतं.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"वेळ चुकली."

"कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

मग मी मुकाट्याने नवा, लांबलचक ऑप्शन लिहिला. लिहिताना दोनदा चुकलो, कारण तो कसा लिहायचा ते मलाच आठवेना. माझ्याच सूचनेत तो होता, ती आता कुठल्याच पडद्यावर येत नव्हती. शेवटी घड्याळ जागेवर आलं. वहिनींनी फाईल पुन्हा ठेवली, ती वर आली. पत्रिका निघाली. नवरीच्या वडिलांनी ती पहिल्यापासून वाचली, आणि दादांच्या नावावर आल्यावर त्यांचा आवाज एवढा चढला की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला.

गठ्ठे बांधले जात असताना मी वहिनींना म्हणालो, "गणपती थोडा उजवीकडे घेता येईल का?"

"गणपती हलणार नाही. तुमच्या लोकांना सांगा, ओळ हलवा."

त्या संध्याकाळी मी माझ्या लोकांना मेल लिहिली. जुना ऑप्शन नुसता खोडू नका, त्याच्या जागी नवा लिहा, नाहीतर घड्याळ मागे पडेल, एवढं माहितीच्या पानावर घालायला सांगितलं. एकाने विचारलं, असं खरंच कोणाचं झालं का? मी लिहिलं, एका लग्नघरात.

त्याआधी, प्रेसमधून निघताना, नवरीच्या वडिलांनी मलाही एक पत्रिका दिली होती. "वेळेवर या भाऊ," ते म्हणाले. "आमच्या घड्याळानं. तुमच्या मशीनच्या नाही."

मी गेलो, मुहूर्ताच्या बराच आधी. मांडवात खुर्च्या अजून लागत होत्या. पहिल्या रांगेत एकच गृहस्थ बसले होते, फेटा बांधून, हातात पत्रिका. बोटाने एकेक ओळ पुढे सरकवत होते. एका ओळीवर बोट थांबलं, आणि मग बराच वेळ तिथेच राहिलं.