भरतीच्या मैदानावरची शिट्टी

मैदानासमोरच्या टपरीवर मी चहा घेत होतो. सैन्यभरतीला आलेल्या पोरांनी रात्र फूटपाथवर काढली होती, सकाळी रांगेत दांडके खाल्ले होते, आणि आता भोंग्यावरून सांगितलं गेलं, भरती रद्द.

"पाणीसुद्धा विचारलं नाही ओ कुणी," शेजारचा अनवाणी पोरगा म्हणाला. "पुढच्या भरतीला माझं वय निघून गेलेलं असेल." त्याच्या छातीवर पेनानं लिहिलेला नंबर घामानं ओघळला होता. कप तसाच ठेवून तो गर्दीत शिरला.

ही पोरं आपण रोज पहाटे डांबरी रस्त्यावर बघतो. गावातला कुणी निवृत्त फौजी शिट्टी फुंकतो आणि ती सुसाट सुटतात. आपण कौतुकानं गाडी बाजूला घेतो. गावात काम नाही, शहरात नोकरी नाही, मग ही धावून पोचणार कुठे, हे विचारायला मात्र कुणी गाडी थांबवत नाही. मीही नाही.

गर्दी फाटकाला भिडली. चहावाल्यानं स्टोव्ह विझवला. "साहेब, निघा तुम्ही."

पोरांना पांगवायला हवालदारानं शिट्टी ओठांना लावली. ती दिसताच सगळ्यांचा एकेक पाय सवयीनं मागे गेला, गुडघे वाकले, मुठी वळल्या. तोंडं फाटकाकडेच.

अहो, फुंकू नका! या शिट्टीवर थांबायचं त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.