लघवीची वाट पाहताना

जिथं माणसं नुसती बसून असतात, तिथं किस्से ढिगानं साचतात. हिंगोलीच्या दवाखान्यात, नवजात बाळांच्या वार्डाबाहेर आम्ही असेच बसलो होतो. माझा नातू जन्मला तेव्हा रडलाच नाही. श्वास उशिरा आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑक्सिजन कमी पडला. किडनीला मार बसलाय. लघवी सुटली की अर्धी लढाई जिंकलो!" मी जास्त शिकलो नाही, पण हे बराबर समजलं.

*

आमची म्हातारी सिस्टरला भिडली. "लेकराला पाणीच पाजून न्हाई राहिले तुमी, मग मुतंल कसं?"

"आजी, नाली तुंबली तर वावरात आणखी पाणी सोडता का?"

म्हातारी गप्प! उभ्या जन्मात मला हे जमलं नव्हतं.

*

मग लेकराचे हातपाय थरथरू लागले. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "रक्तात कॅल्शियम कमी आहे!" शेजारी कळमनुरीचे एक आजोबा होते, त्यांची नात आत होती. त्यांनी झटक्यात चुन्याची डबी काढली. "घ्या बाई! साऱ्या वार्डाला पुरंल!"

"आजोबा, ती डबी आधी खिशात घाला. इथं तंबाखू बंद आहे!"

*

कॅल्शियम शिरेतून सोडलं. हळूहळू, छातीला मशीन लावून. मी म्हणालो, "आमची म्हैस व्याल्यावर पडली, तवा जनावराच्या डॉक्टरनं बी हेच सोडलं होतं."

"मग उठली का, बाबा?"

"उठली? खुंटा उपटून गेली!"

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. थरथर थांबली. लघवी मात्र नाही.

*

तिसऱ्या दिवशी लंगोट बदलायला आत गेलेली म्हातारी पळतच आली. "लंगोट ओला झाला!" आम्ही सगळे उभे!

सिस्टर काटा घेऊन तयार. ओल्या लंगोटाचं वजन करून त्या लघवी मोजत. "कुठंय लंगोट?"

"धुऊन वाळू घातला की!"

"अहो, वजन करायचं होतं!"

"काहून? माझ्या नातवाचा घाण लंगोट चारचौघांत काट्यावर ठेवू?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "न मोजलेलं मी धरणार नाही." पुन्हा वाट.

*

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर स्वतः बाहेर आल्या. "आजी, मोजलं! भरपूर आहे!"

म्हातारीनं माझ्या खिशात हात घातला, खाली गेली, पेढे घेऊन आली. सगळ्यांना वाटत सुटली. जवळच्याच गोरेगावचा एक पाहुणा नुकताच जिना चढून आला होता. त्याच्याही हातावर तिनं पेढा ठेवला.

"वा, आजी! काय झालं? पोरगा का पोरगी?"

"मुतलं!"