माहेरवाशिणीचे दाणे

चाळीसगावात नर्सिंगचं शिकून मी साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडे, एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात नोकरीला लागले. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. मला नुकतंच तेविसावं लागलं होतं. अक्षर चांगलं, म्हणून डॉक्टरांनी गावोगावची कार्डं माझ्या हवाली केली. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर, याची त्यांना तेव्हा कल्पना नसावी.

कार्डाची पद्धत साधी होती. आमच्या खान्देशात रब्बीच्या ज्वारीला दादर म्हणतात. फाल्गुनात दादर खळ्यावर आली की प्रत्येक घराने एक पायली दाणे मारुतीच्या देवळातल्या कोठीत टाकायचे. ते विकून दवाखान्याची औषधं यायची, जीप चालायची आणि त्या घराला वर्षभर उपचार मिळायचे. कार्डावर नावं कुणाची, तर एका चुलीवर जेवणाऱ्यांची. दाणे मोजून घ्यायला गावचेच पंच बसत. एका आबांनी एकदा खडेवाली दादर आणली, तर पंचांनी त्यांनाच सूप देऊन पाखडायला बसवलं होतं. आबा तासभर पाखडत होते आणि तासभर बायका त्यांना कसं पाखडायचं ते शिकवत होत्या.

कार्ड नाही म्हणून आम्ही कुणाला परत पाठवत नव्हतो. पण लोकच यायचे नाहीत. दाणे न टाकता दवाखान्यात जाणं म्हणजे बोलावणं नसताना पंगतीला बसणं, असं त्यांना वाटे. मला हा ताठा आवडायचा. त्याची दुसरी बाजू मला अजून दिसली नव्हती.

माझ्याकडच्या गावांपैकी एका गावात एक अक्का होत्या. दर गुरुवारी आमची जीप गावात गेली की माझा चहा त्यांच्याकडे ठरलेला. घरात त्या, त्यांचे मालक आणि एकुलती एक मुलगी. मुलीचं लग्न झालं, त्यानंतरच्या फाल्गुनात अक्का पायली घेऊन देवळात आल्या आणि चारचौघांत मोठ्याने म्हणाल्या की पोर उजवली, आता तिचं नाव काढून टाका. चेहरा नुसता फुलला होता. मी नाव खोडलं. अक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि त्यातलं नेमकं कोणतं नाव होतं ते हळूच विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. त्या खोडलेल्या नावाकडे बराच वेळ बघत होत्या. मागे रांग खोळंबली होती, म्हणून मी त्यांना जरा सरकायला सांगितलं.

पोळ्याच्या सुमारास मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. घाटाखालच्या एका गावात दिली होती तिला, आमची योजना तिथवर पोचलेली नव्हती. गुरुवारी मी चहाला गेले तर ती खाटेवर पाय सोडून बसली होती. पायांच्या बोटांत जोडवी रुतली होती, बांगड्या मनगटावर हलत नव्हत्या, चेहरा भरलेला. अक्का कौतुकाने सांगत होत्या की माहेरचं अन्न कसं लागलं बघा पोरीला. मी ब्लडप्रेशर बघितलं. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या हातावर बघितलं. मग अक्कांना सांगितलं की हे अन्न लागणं नव्हे, ही सूज आहे. यात झटके येतात, बाई जाते, मूलही जातं. आजच दवाखान्यात चला आणि बाळंतपण होईपर्यंत तिथेच राहा.

अक्का म्हणाल्या, दवाखान्यात नको. मला वाटलं, कार्डाचीच अडचण आहे. म्हटलं, त्यात काय, नाव परत लिहिते. मी पिशवीतून त्यांचं कार्ड आणि पेन काढलं, तशी त्यांनी कार्डावर हात ठेवला.

"नही बाई. बापना घरना कारडवर अंडेरनं नाव परत चढनं, ते लोके म्हनतीन, सासरनास्नी टाकी दिन्ही."

सासरी नांदणाऱ्या लेकीचं नाव पुन्हा बापाच्या कार्डावर चढलं, की तिला सासरच्यांनी टाकली असंच गाव समजणार, असं त्यांचं म्हणणं. बरं, मग कार्डावाचून चला. तेही नाही. फुकटचं घेऊन पोरीचं पहिलं बाळंतपण करायला आम्ही काय भिकेला लागलो, असं त्यांनी विचारलं. गावात सुईण आहे, माझंही तिनेच केलं, म्हणाल्या. मुलगी खाली मान घालून बसलेली. तिला कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही.

मग माझं डोकं फिरलं. तुम्हाला पोर हवी की अब्रू, ते एकदा ठरवा, असं मी त्यांच्याच ओट्यावर बसून त्यांना सुनावलं. अक्का उठल्या, माझ्यापुढची कपबशी उचलली आणि आत घेऊन गेल्या. अर्धा चहा शिल्लक होता.

डॉक्टर म्हणाले, परत जा, पण भांडू नकोस. दुसऱ्या दिवशी एसटीने गेले, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊन. अक्कांनी चहा दिला, गोळ्या ठेवून घेतल्या, दवाखान्याचं नाव मात्र काढू दिलं नाही. प्रेशर आणखी चढलेलं. अक्का पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात मुलगी मला म्हणाली की डोकं फार दुखतं, आणि आईला सांगू नका, ती रडते. परत आल्यावर मी तिच्या सासूला पोस्टकार्ड लिहिलं, की सुनेच्या जिवाला धोका आहे, आणि पायलीभर दाण्यांच्या कुठल्याच कार्डावर तिचं नाव नसल्यामुळे आई दवाखान्यात आणत नाही. रागात लिहिलं आणि लगेच पेटीत टाकलं. मग लक्षात आलं, पोस्टकार्ड सासूच्या हाती पडायच्या आधी ते पारावर वाचलं जाणार. अक्का ज्या बोलण्याला भीत होत्या, ते मीच पंधरा पैशांत पोचतं केलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा अक्कांकडे निघाले. सकाळच्या एसटीत मांडीवर मोठं गाठोडं घेतलेली एक दांडगी बाई बसली होती. ती माझ्याच थांब्यावर उतरली. गाठोडं डोक्यावर घेऊन माझ्यापुढे चालू लागली आणि अक्कांच्या अंगणात शिरली. अक्का दारात आल्या. विहीणबाईंना बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मीही कुडाशी उभी राहिले, आता काय ऐकावं लागतं म्हणून.

सासूबाईंनी गाठोडं खाली ठेवून सोडलं. आत दादर होती, निवडून पाखडून आणलेली.

"मना घरनं नाव लिखा, बाई," त्या मला म्हणाल्या. "आठे ऱ्हास तरी ती मनी चूलवरनी शे."

इथे राहत असली तरी ती माझ्या चुलीवरची आहे. त्यांना पोस्टकार्डातलं एवढंच लागलं होतं, की आपल्या सुनेचं नाव कुठेच नाही. नियमाप्रमाणे आख्खं गाव योजनेत आल्याशिवाय घर घेता येत नसे. तरी मी कोरं कार्ड काढलं, वर त्यांचं आडनाव घातलं आणि खाली सुनेचं एकटीचं नाव लिहिलं. पुढे पंचांनी त्याबद्दल मला विचारलं, पण दाणे पायलीपेक्षा जास्त भरले होते, म्हणून फार ताणलं नाही.

मग सासूबाई अक्कांजवळ टेकल्या. भांडण होणार याची मला खात्री होती. त्यांनी सांगितलं ते असं, की माझ्याही पायांवर पहिल्या खेपेला असंच आलं होतं. बाईने अंग धरलं म्हणून सगळे खूश होते. ते मूल वाचलं नाही. मलाही लोकांनी उचलून पिंपळनेरला नेलं, म्हणून मी आज दिसते आहे. अक्कांनी पदर तोंडावर घेतला. थोड्या वेळाने आत जाऊन त्यांनी लेकीची लुगडी बांधली.

निरोप धाडून जीप बोलावली. मधे मुलगी, दोन्ही बाजूंना दोघी आया. पंधरा दिवस अक्का दवाखान्याच्या आवारात तीन दगडांवर भाकरी थापत होत्या, माझ्यासाठीही. प्रेशर उतरलं, पुन्हा चढलं, डॉक्टरांनी कळा आणवल्या. मुलगी झाली, वजनाला हलकी पण गळ्याने भारी. दोघी सुखरूप. मी चादरींच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि पोटभर रडले. अक्कांची माफी मागितली तेव्हा त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

पुढच्या फाल्गुनात देवळात सभा भरली. बायका मागे बसत, बोलत नसत. अक्का उठून उभ्या राहिल्या. प्रत्येक घराच्या कार्डावर शेवटी एक ओळ राखून ठेवा, म्हणाल्या.

"नाव लिखू नका. नुसतं माहेरवाशीण लिखा."

त्या शब्दाला नावं ठेवणारं कोण होतं? लेक माहेरपणाला येणं ही मानाचीच गोष्ट. पंचांनी आपसांत कुजबुज केली आणि हो म्हटलं. ज्या घरची लेक बाळंतपणाला येणार असेल, त्या घराने पायलीवर एक शेर जास्त टाकायचा, असं ठरलं. मी रात्रभर बसून त्या गावची सगळी कार्डं नव्याने लिहिली.

दाणे टाकायला सगळ्यांत आधी अक्का आल्या. एक पायली आणि वर एक शेर. त्यांची लेक सासरी मजेत होती, कडेवर पाच-सहा महिन्यांची पोर. मी म्हटलं, अक्का, वरचे दाणे कशाला, ती तर यंदा यायची नाही. त्यांनी ओटीत उरलेले चार दाणेसुद्धा झटकून कोठीत टाकले.

"येवानी नही ती यंदा," त्या म्हणाल्या. "पन तिनी जागा ऱ्हाऊ द्या."