एका बादलीतलं दूध

आमच्या तांबड्या गायीचं दूध इतकं घट्ट, की एकदा त्यात पडलेली माशी चालत बाहेर आली. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा. पण सरकारनं साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारा घट्ट भाग, असलेल्या दुधाला दर ठरवून दिला, आणि त्याच सकाळपासून आमची गाय गावच्या संकलन केंद्रावर नापास व्हायला लागली. रोज थोडंसंच कमी. अगदी सोनारानं तोलल्यासारखं.

"मशीन बोलतंय अण्णा, मी न्हाई," दूध मोजणारा म्हणायचा.

"मग त्याला माझ्या गायीच्या तोंडावर बोलाया सांग."

केंद्राच्या चेअरमनची गाय मात्र कायम पास. ती आटली तेव्हाही पास होत असावी. दर गेला तो गेलाच, वर मी दुधात पाणी घालतो असं लोक एकमेकांच्या कानात सांगायला लागले. ते मात्र मला झोंबलं.

एका रविवारी चेअरमनला लग्नाला शिर्डीला जायचं होतं. त्याचा मळा आमच्या वस्तीला लागूनच. "माझी किटली तेवढी केंद्रावर ने," म्हणाला.

"नेतो की तात्या!" इतक्या गोडीनं मी बायकोशीही कधी बोललो नाही.

वाटेत रिटायर मास्तरांचं घर. त्यांच्या अंगणात मोठी बादली मांडली, दोन्ही किटल्या तिच्यात ओतल्या, चांगलं ढवळलं आणि किटल्या परत भरल्या. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून चर्चला निघाले होते.

"मास्तर, साक्षीला चला."

"अरे, प्रार्थना आहे माझी."

"देवाला सांगा, दुधाचं काम हुतं."

केंद्रावर ही लांब रांग. माझ्या नंबरावर मशीन म्हणालं, फॅट तीन पॉइंट चार, एसएनएफ आठ पॉइंट तीन. चेअरमनच्या नंबरावर तीन पॉइंट सहा, आठ पॉइंट सहा. मोजणारा पावत्या देत वर म्हणतो, "बघा अण्णा, तात्यांच्या गोठ्यातून जरा शिका."

"मास्तर, सांगा."

मास्तरांनी चौथीच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दोन्ही दुधं एकाच बादलीतली आहेत. माझ्यासमोर भरली."

 रांगेतली एक चाची कडाडली, "म्हंजे माझी गाय उगाच शिव्या खात हुती व्हय रे?"

मी किटलीवर झाकण दाबलं. "दोन्ही नमुने सगळ्यांसमोर परत लाव. तवर कुणी थेंब ओतनार न्हाई."

"उनानं दूध नासंल अण्णा."

"नासू दे. पन पानी हाय असं कुनी म्हननार न्हाई."

अख्खी रांग आपापल्या झाकणांवर बसली. चाचीनं तर दोन झाकणं अडवली. टँकरवाला हॉर्न वाजवून दमला. शेवटी मोजणाऱ्यानं घाम पुसत नमुने परत लावले. दोन्ही तीन पॉइंट सहा, आठ पॉइंट सहा. ती पावती मी घरी गायीला वाचून दाखवली. तिनं शेपूट हाणलं. तिला हे आधीच माहीत होतं.

आठवड्यानं आकडे परत घसरले. तेव्हापासून आम्ही सगळे सकाळी मास्तरांच्या अंगणात जमतो. कुणाचं दूध कुणाच्या किटलीत, ते फक्त त्या बादलीला ठाऊक; दोन किटल्यांचे आकडे वेगळे आले, की अख्खी रांग परत झाकणांवर. चेअरमन आता आपली किटली लेकरासारखी छातीशी धरून स्वतः आणतो. आणू दे. आम्ही बादली मोठी घेतलीय.